मिनी पीसीचा राउटर करताय? आधी अडॅप्टर बघा

एन१०० प्रोसेसरचा, चार लॅन पोर्टवाला मिनी पीसी घेतलात, उत्तम केलंत. पण ओपीएनसेन्स (पीसीचा राउटर बनवणारं सॉफ्टवेअर) टाकण्याआधी अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. १२ व्होल्ट दिसलं म्हणून जुन्या राउटरचा १ अँपिअरचा लावू नका. तो जेमतेम १२ वॅट देतो. लोड आला की मशीन रीस्टार्ट होतं. माझे दोन दिवस रॅम बदलून बघण्यात गेले, दोष निघाला अडॅप्टरचा! पिनही तपासा: दोन प्रकार असतात, बाहेरून दोन्ही ५.५ मिमी, पण आतलं छिद्र २.१ किंवा २.५. सैल बसली की जरा धक्का लागताच वीज तुटते.

बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय निवडा. आणि यूपीएसवर फायबरचा ओएनटी (फायबरची तार जिथे जोडतात तो डबा) सुद्धा जोडा, नाहीतर लाइट गेल्यावर राउटर चालू आणि नेट बंद.