काल्पनिक युद्धखेळात एका नियमाचे दोन अर्थ निघाले, तर निर्णय कसा करावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण आणि आपले चुलतभाऊ घरी ‘वॉरहॅमर: द ओल्ड वर्ल्ड’ हा टेबलावर छोट्या पुतळ्यांची सैन्ये मांडून खेळायचा युद्धखेळ खेळू लागला आहात. मागच्या डावात त्यांच्या घोडदळाने आपल्या भालेकऱ्यांवर चार्ज, म्हणजे धावून जाऊन हल्ला, केला; तो बाजूवर झाला असे त्यांचे म्हणणे होते आणि समोरून झाला असे आपले. फासे टाकून झाल्यावर हा वाद सुरू झाला आणि डाव तिथेच मोडला. मतभेद झाल्यास फासा टाकून ठरवावे, हा सगळीकडे मिळणारा सल्ला आपल्याला न्यायाचा वाटत नाही, म्हणून दुसरा मार्ग कोणता, असे आपण विचारले आहे.

मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो, 2009 पासून हे खेळ खेळतो आणि आमच्या क्लबच्या छोट्या स्पर्धांमध्ये बऱ्याचदा पंच म्हणून उभा राहिलो आहे. नियमाचा अर्थ काय ठरला यापेक्षा तो कोणत्या क्षणी ठरला याने डाव टिकतो किंवा मोडतो, असे माझे ठाम मत झाले आहे. चार्ज जाहीर होण्यापूर्वी ‘माझे घोडदळ तुझ्या तुकडीच्या समोर धरायचे की बाजूला?’ असे विचारले, तर अजून कोणाचेच काही गेलेले नसते. उत्तर प्रतिकूल आले तर दुसरी चाल खेळण्याची मोकळीक विचारणाऱ्याला असते. तोच प्रश्न फासे पडल्यानंतर निघाला की पुस्तकातील वाक्य मागे पडते आणि टेबलावरून उचलाव्या लागणाऱ्या सैनिकांची संख्या बोलू लागते. आपल्या डावात नेमके हेच झाले आहे. अर्थ कोणाचा बरोबर होता हे मी शेवटी पाहीन, पण त्या क्षणी तो शांतपणे ठरणे जवळजवळ अशक्य होते, यात आपल्या दोघांच्या स्वभावाचा काही दोष नाही.

हे मी स्वतःच्या एका चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका नवख्या खेळाडूविरुद्ध खेळताना मी एका विशेष नियमाचा माझ्या सोयीचा अर्थ इतक्या आत्मविश्वासाने सांगितला, की त्याने पुस्तक उघडूनही पाहिले नाही. घरी येऊन वाचले तेव्हा माझा अर्थ चुकीचा निघाला. मी त्याला कळवले, त्याने ते मोठ्या मनाने घेतले, पण त्या डावाचा निकाल बदलण्यासारखा नव्हता. तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो: जो अर्थ लावल्याने फायदा माझा होणार आहे, तो मी तोंडी कधीच सांगत नाही, पुस्तकातले वाक्य समोरच्याच्या हातात देतो आणि त्यालाच वाचायला सांगतो.

फासा टाकून ठरवण्याच्या सल्ल्याबद्दल मला आपल्यापेक्षा थोडे वेगळे वाटते. 2010 मध्ये आलेल्या ‘वॉरहॅमर’च्या आठव्या आवृत्तीत सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणून हाच मांडलेला होता: एकमत होत नसेल तर एक फासा टाकावा, 1 ते 3 आल्यास एका खेळाडूचा अर्थ आणि 4 ते 6 आल्यास दुसऱ्याचा अर्थ त्या डावापुरता धरावा, आणि उरलेली चर्चा डाव संपल्यावर करावी. यातील ‘त्या डावापुरता’ हे शब्द लोक विसरतात. फासा नियमाचा अर्थ सांगत नाही. तो फक्त आजचा डाव पुढे जाऊ देतो. आपल्याला अन्याय वाटतो तो बहुधा यामुळे, की डाव संपल्यावरची चर्चा होतच नाही आणि योगायोगाने लागलेला अर्थ पुढच्या डावांतही चिकटून राहतो. आमच्या क्लबात यासाठी एक वही आहे. फाशाने सुटलेला प्रत्येक वाद तिच्यात एका ओळीत लिहिला जातो, आठवडाभरात कोणीतरी पुस्तक आणि अधिकृत खुलासे नीट पाहतो, आणि ठरलेले उत्तर त्याच ओळीपुढे तारीख घालून नोंदवले जाते. दोघांच्या खेळात ही वही अधिकच उपयोगी पडेल, कारण तुमच्याकडे तिसरा माणूस नाही.

तिसऱ्या माणसाची ही गरज फार जुनी आहे. 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्यातील धाकट्या राइसवित्झ यांनी आपल्या वडिलांच्या युद्धखेळाला जे रूप दिले, त्यात खेळाडू आपले हुकूम पंचाकडे देत आणि पंच फासे व तक्ते वापरून परिणाम ठरवीत असे. पुढे नियम इतके वाढले की अधिकाऱ्यांना ते जाचक वाटू लागले, आणि 1876 मध्ये प्रशियाचेच अधिकारी व्हेर्डी डू व्हेर्न्वा यांनी तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर चालणारा मोकळा खेळ पुढे मांडला. नियम अधिक बारकाईने लिहावेत की शहाण्या माणसावर सोपवावे, हा पेच तेव्हापासून आजपर्यंत सुटलेला नाही. 2015 मध्ये ‘वॉरहॅमर’ची जुनी मालिका बंद झाल्यावर चाहत्यांनी उभारलेल्या ‘द नाइन्थ एज’ या खेळाने पहिला मार्ग धरला. त्याचे नियम काटेकोर भाषेत लिहिलेले आहेत, म्हणून तिथे वाद कमी होतात, पण नवीन माणसाला ते वाचणे जड जाते. घरच्या टेबलावर पंच नसतो, तेव्हा आपल्याला दोन्हींचे थोडेथोडे घ्यावे लागते.

आता खऱ्या संदिग्धतेकडे येतो. माझ्या अनुभवात बहुतेक वाद संदिग्धतेचे नसतातच. ते वाक्य न वाचता आठवणीवर बोलण्याचे असतात, आणि आठवणीत तीन जुन्या आवृत्त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. म्हणून पहिली पायरी मूळ वाक्य मोठ्याने वाचणे, हीच. इथे आपल्यासारख्या मराठीत बोलत खेळणाऱ्यांना एक जादा सावधगिरी लागते. पुस्तक इंग्रजीत असते आणि बोलणे मराठीत, त्यामुळे भाषांतर करताकरताच आपण नकळत निकाल देऊन टाकतो. ‘विदिन सिक्स इंचेस’ला आपण ‘सहा इंचांच्या आत’ म्हणतो, आणि मग बरोबर सहा इंचांवर असलेली तुकडी आत की बाहेर, असा नसलेला वाद उभा राहतो. खेळाच्या भाषेत बरोबर सहा इंच हे अंतरातच धरले जाते. ‘एज ऑफ सिगमार’ या दुसऱ्या खेळात तर ‘विदिन’ आणि ‘होली विदिन’ हे दोन वेगळे शब्द आहेत: पहिल्यात बेसचा (पुतळ्याखालच्या बैठकीचा) कोणताही भाग अंतरात आला तरी पुरतो, दुसऱ्यात संपूर्ण बेस अंतरात लागतो. मराठीत दोन्हींसाठी आपण ‘आत’ एवढेच म्हटले, की डाव फिरू शकतो. ‘मे’ म्हणजे करता येईल आणि ‘मस्ट’ म्हणजे केलेच पाहिजे, ‘मॉडेल’ म्हणजे एक सैनिक आणि ‘युनिट’ म्हणजे सगळी तुकडी, हे फरकही असेच बोलण्यात हरवतात. वाद निघाल्यावर तेवढे एक वाक्य इंग्रजीतच ठेवून त्यातील शब्दाशब्दावर बोट ठेवावे, असे मी सुचवेन.

वाक्य वाचूनही दोन नियम एकमेकांना छेदत असतील, तर सामान्यापेक्षा विशेष बलवान, हे तत्त्व या खेळांत सर्वमान्य आहे. ‘वॉरहॅमर’च्या जुन्या आवृत्त्यांत मूळ पुस्तक आणि एखाद्या सैन्याचे स्वतंत्र पुस्तक यांत विरोध आला, तर सैन्याचे पुस्तक प्रमाण धरले जाई. संस्कृत व्याकरण शिकलेल्या वाचकांना हे उत्सर्ग आणि अपवाद यांच्या नात्यासारखे वाटेल, आणि ते साम्य खरे आहे. पाणिनीला तर समबल नियमांसाठी ‘विप्रतिषेधे परं कार्यम्’ (विरोध आल्यास नंतरचा नियम लावावा) असे वेगळे सूत्र करावे लागले. आपल्या खेळांत त्या जागी एक व्यवहारी सोय असते: दोन परिणाम एकाच वेळी घडत असतील, तर ज्याची पाळी चालू आहे त्याने क्रम ठरवायचा.

एवढ्यानेही दोन अर्थ उरले, तर लेखकाच्या मनात काय होते याचा अंदाज मी शक्यतो करत नाही, कारण प्रत्येकाला लेखक आपल्याच बाजूचा वाटतो. त्याऐवजी मी पाहतो की कोणत्या अर्थाने पुस्तकातील दुसरे एखादे वाक्य निरर्थक होते. तो अर्थ सहसा चुकीचा असतो. तरीही तोल सारखाच राहिला, तर ज्याला फायदा मिळणार आहे त्याने आपणहून कमी फायद्याचा अर्थ घ्यावा. दोघेही असे वागू लागले की वर्षभरात हिशोब आपोआप सारखा होतो.

पुस्तक पूर्णपणे मौन असते, तेव्हा मात्र कोणतेही वाचन उपयोगी पडत नाही, आणि हे मौन सर्वांत जास्त भूप्रदेशाबाबत असते. टेबलावर ठेवलेले झाडांचे झुडूप म्हणजे जंगल की नुसती सजावट, टेकडीची कड कुठे संपते, पडक्या भिंतीआडून दिसते की नाही, हे प्रत्येकाच्या घरातील साहित्यावर अवलंबून असल्यामुळे कोणताही लेखक ते आधी लिहू शकत नाही. आठव्या आवृत्तीत सैनिकाच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकून खरोखर काय दिसते ते पाहायचे असे. मग गुडघ्यावर बसलेल्या धनुर्धराला कमी दिसे आणि उभ्या असलेल्याला जास्त, जरी दोघे एकाच तुकडीत असले तरी. ‘किंग्ज ऑफ वॉर’ या अशाच दुसऱ्या खेळाने प्रत्येक प्रकारच्या तुकडीला उंचीचा आकडा देऊन आणि दृष्टी तुकडीच्या पुढच्या कडेच्या मध्यबिंदूपासून मोजून हा प्रश्न जवळजवळ संपवला, आणि मला तो उपाय फार आवडतो. 2015 मध्ये ‘एज ऑफ सिगमार’ आला तेव्हा त्याचे मूळ नियम अवघ्या चार पानांचे होते आणि अंतर बेसऐवजी पुतळ्यापासून मोजायचे होते. पुढे आलेल्या तलवारीच्या टोकापासून मोजणे कोणालाच पटेना, म्हणून अनेक ठिकाणी खेळाडू आपापसांत ठरवून बेसपासून मोजू लागले, आणि 2018 च्या दुसऱ्या आवृत्तीत अधिकृत नियमही तसाच झाला. म्हणून सैन्ये मांडण्यापूर्वी पाच मिनिटे टेबलाभोवती फिरून प्रत्येक वस्तूवर बोट ठेवून ती काय आहे हे ठरवणे, आणि तिरका राहिलेला फासा पुन्हा टाकायचा की नाही हेही त्याच वेळी बोलून घेणे, याला पर्याय नाही.

चाल करताना हेतू उच्चारण्याची सवय हा त्याचाच पुढचा भाग आहे. ओल्ड वर्ल्डमध्ये चार्जसाठी दोन फासे टाकून त्यांतील मोठा आकडा हालचालीच्या आकड्यात मिळवतात, म्हणजे 4 हालचाल असलेल्या आणि कोणताही विशेष नियम नसलेल्या पायदळाची कमाल मजल 10 इंच. ‘मी तुझ्या 10 इंचांच्या बाहेर थांबतो आहे, बरोबर ना?’ असे म्हणून दोघांनी टेप लावून पाहिले आणि होकार दिला, की पुढे कोणाच्या कोपराचा धक्का लागून तुकडी पाव इंच सरकली तरी ती बाहेरच धरायची. आमच्या क्लबात मोजमापाचे वाद या एका सवयीने जवळजवळ बंद झाले.

अधिकृत खुलाशांबद्दल एवढेच सांगतो की दुरुस्तिपत्रक आणि प्रश्नोत्तरे यांत फरक आहे: पहिले नियमाचा मजकूरच बदलते, दुसरे असलेल्या मजकुराचा अर्थ सांगते. दोन्ही प्रकाशकाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात आणि अधूनमधून बदलतात, म्हणून डावापूर्वी ताजी प्रत उतरवून घ्यावी. एखाद्या स्पर्धेने स्वतःपुरता दिलेला निर्णय मात्र आपल्या घरी बंधनकारक नाही.

आता आपला चार्ज. चार्ज करणारी तुकडी चार्ज जाहीर करतेवेळी कुठे उभी आहे यावर तो समोरून की बाजूने हे ठरते. ती शेवटी कुठे जाऊन भिडली यावर नाही. आपल्या वर्णनावरून चुलतभावांनी वळण घेऊन झाल्यानंतरची जागा धरली आहे, आणि तसे असेल तर त्यांचा अर्थ चुकीचा आहे. समोरचा विभाग हा आपल्या तुकडीच्या पुढच्या दोन कोपऱ्यांपासून बाहेर 45 अंशांत जाणाऱ्या रेषांमधला भाग असतो. शाळेच्या कंपासपेटीतला 45 अंशांचा गुण्या कोपऱ्याला लावला आणि त्याच्या तिरक्या कडेला पट्टी जोडली, की ती रेषा टेबलावर दोघांनाही दिसते. घोडदळ त्या रेषेवर दोन्हीकडे पसरलेले असेल, तर बहुसंख्या कशी मोजायची हे आपल्या पुस्तकातले वाक्य दोघांनी मिळून एकदा वाचा आणि वहीच्या पहिल्या पानावर ते जसेच्या तसे, इंग्रजीतच, उतरवून ठेवा. मोडलेल्या डावाचे छायाचित्र काढले असेल आणि चार्जपूर्वीच्या जागेबद्दल दोघांचे एकमत असेल, तर तो डाव तिथूनच पुन्हा मांडता येईल.