डुकराच्या केसांचा ब्रश सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून ठेवला तर चालेल का?

नाही. रात्रभर तर नाहीच, दहा मिनिटंसुद्धा नाही. तुम्ही लिहिलंय की मूठ लाकडी आहे, केसांखाली रबराची गादी आहे आणि सासूबाई म्हणतायत सोड्यात टाक, लख्ख निघेल. हाच उपाय आमच्या घरी 2009 साली झालाय, म्हणून लिहायला बसले.

आमचं घर देवगडजवळ. त्या वर्षी चवथ 23 ऑगस्टला होती. चाकरमानी यायच्या आधी घराची झाडलोट चालू होती, आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंनी घरातल्या सगळ्या फण्या-कंगवे गोळा करून धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात टाकले. त्या बादलीत माझा ब्रशही गेला. तो आत्याने मला लग्नात दिलेला. आत्या गिरगावात राहायची, नोकरी करायची. माझे केस कमरेखाली येतात याचं तिला फार कौतुक, म्हणून स्वतःच्या पगारातून घेतलेला.

संध्याकाळी मी तो बादलीतून काढला. वरून स्वच्छ दिसत होता, अगदी नवा. हलवला तर आत पाणी डुचमळलं. गादीच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढं भोक असतं, ब्रश दाबला की आतली हवा जायला. गादी अंगठ्याने दाबली तर त्या भोकातून तपकिरी पाण्याचा थेंब आला, मग दुसरा, मग येतच राहिले. ऊन तर आठवडाभर नव्हतं. मी तो चुलीच्या वरच्या फळीवर ठेवला, तीही चूकच. विसर्जनापर्यंत पाठीवरचं पॉलिश फुगून पापुद्रे सुटले, मुठीला उभी चीर गेली आणि भोकाभोवती काळी बुरशी धरली. ब्रशचे केस तर असे ठिसूळ झाले की विंचरताना तुकडे पडायचे.

जाऊबाईंचं तेव्हापासून एकच म्हणणं, "ह्या हवेत लाकडाचा कायच टिकणा नाय." पाऊस आमच्याकडे भरपूर पडतो, हवा सर्द असते, सगळं कबूल. पण त्याच घरात माजघराचे खांब फणसाचे आहेत, पाट फणसाचे आहेत, आणि आजेसासूबाईंची शिसवी फणी अजून देवघराच्या कोनाड्यात आहे, एक दात गेलेला नाही. कारण ती फणी कधी कुणी भिजत घातली नाही. आजेसासूबाई ती तेलाच्या फडक्याने पुसायच्या आणि ठेवून द्यायच्या. ब्रश हवेने गेला नाही, बादलीने गेला.

कारण सरळ आहे. गादीखालचं लाकूड आतून कोरं असतं, त्याला पॉलिश नसतं. भोकातून पाणी आत शिरतं पण बाहेर पडायला वाट तेवढीच, मग लाकूड फुगतं आणि आतल्या अंधारात बुरशी धरते. आणि ते केस म्हणजे केसच, आपल्या डोक्यावरच्यासारखे, केराटिनचे. धुण्याचा सोडा त्यांना फुगवतो आणि ठिसूळ करतो. स्वतःचं डोकं सोड्याने धुवाल का?

आता साफ कसा करायचा. अडकलेले केस शेपटीच्या कंगव्याच्या टोकाने मुळाशी धरून वर उचलायचे, हे दर दोन-तीन दिवसांनी. ती जी राखाडी लव जमते ना, ती डोक्याचं तेल, कोंडा आणि धूळ यांची असते, ती जुन्या टूथब्रशने कोरडीच झाडायची. धुवायचाच असेल तर बशीत बोटाच्या पेराएवढं कोमट पाणी घ्या, त्यात शाम्पूचे दोन थेंब किंवा रिठ्याचं पाणी. केसांची फक्त टोकं बुडवायची, गादीला पाणी लागता कामा नये. साबण ओल्या फडक्याने पुसून काढा, झटका आणि पंख्याखाली केस खाली करून उपडा ठेवा. केस वर करून ठेवलात की सगळं पाणी गादीत उतरतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी धुतच नाही. जुन्या सुती साडीचा तुकडा गुडघ्यावर ताणून धरते आणि त्यावर ब्रश फिरवते, तेल-मळ कापडाला लागतो. आमच्याकडे खोबरेल रोजचं, त्यामुळे कापड लगेच पिवळं होतं. तेल चोपडलेल्या केसांवर हा ब्रश फिरवायचाच नाही, त्याला साधी फणी आहे.

किती दिवसांनी धुवावा ते तुमच्या तेलावर आहे.

एक राहिलं. घरात कुणाला उवा झाल्या असतील तर हे सगळं बाजूला ठेवा. उवा मारायला खरोखरच कढत पाणी लागतं, आणि ते या ब्रशला चालत नाही. तो प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे ठेवून द्या. डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसांच्या वर सहसा जगत नाही, लिखाही मरतात. डोक्यात गजकर्ण झालं असेल तर मात्र ब्रश टाकून द्या. आणि आधी तुमचा ब्रश खरंच केसांचा आहे का ते बघा. गळालेला एक केस पेटवा, जळक्या केसांचा वास आला तर खरा, वितळून गोळी झाली तर नायलॉन.

तो सोड्यात आधीच पडला असेल तर आत्ताच काढा. भोक खाली करून गादी दाबत राहा, पाणी यायचं थांबेपर्यंत. मग दोन-तीन दिवस पंख्याखाली उपडा. चुलीजवळ नको, हेअर ड्रायर नको. सुकल्यावर भोकाला नाक लावून बघा. कुबट वास आला तर वापरू नका. माझ्याला आला होता. तरी तो अजून कपाटात आहे, आत्याच्या पत्रांबरोबर.