टर्मक्ससाठी पहिलं पॅकेज करताय? एवढं आधी बघा

अँड्रॉइडवरच्या टर्मक्समध्ये (फोनवर लिनक्ससारखी कमांड लाइन देणारं अॅप) आपलं आवडतं टूल आणायचं ठरवलंत, फार छान! फक्त पहिलं टूल छोटं निवडा, एक-दोन लायब्ररींवर चालणारं. आणि ते पिप (पायथनचा पॅकेज इन्स्टॉलर) किंवा एनपीएमने (जावास्क्रिप्टचा) सरळ इन्स्टॉल होतं का ते तपासा. होत असेल तर त्याचं वेगळं पॅकेज सहसा घेत नाहीत, मेहनत वाया जाते.

टूलच्या नावाचा फोल्डर करा, त्यात 'बिल्ड.एसएच' ही बिल्डची स्क्रिप्ट: होमपेज, वर्णन, लायसन्स, व्हर्जन, सोर्सची लिंक, सोर्स फाइलचा शा-२५६ (फाइल तीच आहे ना हे पडताळणारा आकडा) आणि डिपेंडन्सी, म्हणजे टूलला लागणारी इतर पॅकेजेस. सुरुवातीला बास.

नवखे खरे अडकतात ते पाथमध्ये, म्हणजे फाइलींच्या पत्त्यांत. टर्मक्सची सगळी पॅकेजेस '/डेटा/डेटा/कॉम.टर्मक्स/फाइल्स/यूएसआर'च्या खाली बसतात. कोडमध्ये '/टीएमपी' ठोकून लिहिलेलं असेल तर बिल्ड बिनतक्रार होतो आणि टूल फोनवर पहिली तात्पुरती फाइल उघडतानाच कोसळतं. म्हणून बिल्डच्या आधीच सोर्समध्ये '/टीएमपी', '/ईटीसी', '/बिन' ग्रेप करा, म्हणजे शोधा. सापडलेल्या ओळी दुरुस्त करणारा पॅच (बदलांची फाइल) 'बिल्ड.एसएच'च्याच फोल्डरात ठेवा, बिल्ड करताना तो आपोआप लागतो.

दुसरी चूक: डेस्कटॉप लिनक्सची तयार बायनरी (आधीच बिल्ड केलेला प्रोग्रॅम) उचलून आणणं. अँड्रॉइडची सी लायब्ररी बायोनिक आहे, डेस्कटॉपवरची जीलिबसी नव्हे. म्हणून ती बायनरी सहसा चालत नाही.

बिल्ड डॉकरमध्येच (तयार, वेगळं बिल्डचं वातावरण देणारं साधन) करा. आधी एआर्च६४ (६४ बिटचं आर्म प्रोसेसर) साठी, मग ३२ बिटच्या आर्मसाठी. ३२ बिटवर पूर्णांकांच्या आकाराच्या चुका लगेच उघड्या पडतात. एका पुल रिक्वेस्टमध्ये (आपला बदल टर्मक्सच्या प्रकल्पात घ्यावा अशी विनंती) एकच पॅकेज द्या. तपासणाऱ्याने बदल सुचवले तर खचू नका, पहिल्या पॅकेजला ते होतंच.