चावी आधी की चेक आधी?

गाडीविषयी वाचकांचे प्रश्न

बीएमडब्ल्यूच्या एम गाड्या, मर्सिडीजच्या एएमजी, पोर्शे अशा जोरकस गाड्यांची टेस्ट ड्राइव्ह शोरूमवाले सहजी देत नाहीत, अशी पत्रे अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांकडून आली आहेत. त्यांतली निवडक पत्रे थोडी छाटून देत आहोत.

प्रश्न : गाडी बघायला मुद्दाम मुंबईला गेलो. शोरूममध्ये म्हणाले, आधी बुकिंगची रक्कम भरा, मग टेस्ट ड्राइव्हचे बघू. लाखो रुपयांची वस्तू न चालवता घ्यायची का? ग्राहकाचा काही हक्क आहे की नाही? (चिपळूण)

उत्तर : टेस्ट ड्राइव्ह मिळालीच पाहिजे असा हक्क कायद्यात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे डीलरला मिळणाऱ्या व्यापार प्रमाणपत्रावरची गाडी, म्हणजे लाल पाटीवर पांढरी अक्षरे असलेली, गिऱ्हाइकाला वाजवी चाचणीसाठी रस्त्यावर काढता येते. काढता येते एवढेच, काढलीच पाहिजे असे नाही.

डीलरचे गणितही बघा. कायमची डेमो गाडी ठेवायची तर ती बहुधा डीलरच्या कंपनीच्या नावावर नोंदवावी लागते. महाराष्ट्रात त्यावर २० टक्के दराने कर बसतो. देशात बनलेली पेट्रोल गाडी तुमच्या नावावर घेतली तर हाच दर किमतीनुसार ११ ते १३ टक्के पडतो. त्यात विमा, टायर आणि वर्षभराने पडलेली किंमत मिळवा. काही गाड्या मुळातच मोजक्या येतात. २०२५ मध्ये स्कोडाच्या ऑक्टेव्हिया आरएस देशात शंभरच आल्या आणि बुकिंगमध्येच संपल्या. त्याच वर्षी फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयच्या बुकिंगआधी तर गिऱ्हाइकाला प्रश्नमंजूषा सोडवावी लागत होती! अशा गाडीची डेमो कोण ठेवणार? उलट चेन्नईत जुळणी होणाऱ्या बीएमडब्ल्यू एम३४०आयसारख्या गाडीची डेमो मिळण्याची शक्यता बरीच जास्त.

कधी कधी सेल्समन खूश करण्यासाठी विक्रीला आलेली कोरी गाडीच चालवायला देतो. ती घेऊ नका. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना पहिले २,००० किलोमीटर इंजिन जपून चालवायला सांगितलेले असते. त्यानंतर इंजिनाचे आणि डिफरेन्शियलचे (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या भागाचे) तेल बदलून मगच पूर्ण जोर लावायचा. आज तुम्ही पिळलेली गाडी उद्या दुसऱ्याच्या दारात नवी म्हणून उभी राहील, आणि काल कोणीतरी पिळलेली तुमच्या.

कोकणातून मुंबईला किंवा पुण्याला निघण्यापूर्वी ईमेलवर लेखी विचारून घ्या : नेमक्या याच मॉडेलची डेमो आहे का, चालवायला मिळेल की फक्त शेजारी बसायचे, किती किलोमीटर, कोणत्या रस्त्यावर, आणि ठोकली तर विम्याबाहेरची रक्कम कोणी भरायची. शेवटचा प्रश्न हमखास विसरला जातो. साध्या खासगी पॉलिसीत १,५०० सीसीवरच्या गाडीला दाव्यातले पहिले २,००० रुपये मालकाचे असतात, पण डीलरच्या पॉलिसीत हा आकडा कितीतरी मोठा असू शकतो. गाडीजवळ उभे राहून घाईघाईने सही करायच्या कागदात तो तुमच्या माथी मारलेला असतो.

पैसे भरायचेच ठरले तर फर्मच्या नावाने चेक किंवा बँकेतून, रोख नाही. पावतीवर ‘टेस्ट ड्राइव्हनंतर पसंत न पडल्यास पूर्ण परतावा’ हे वाक्य आणि परताव्याची मुदत लिहून घ्या. तोंडी ‘परत देतो हो’ याला किंमत नाही.

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. पक्के लायसन्स आहे. त्याला चालवू देत नाहीत. (देवगड)

उत्तर : बरोबर करतात. अठरा पूर्ण आणि लायसन्स पक्के म्हणजे कायद्याची हरकत नाही, पण गाडी डीलरची आहे आणि वयाची अट तो घालू शकतो. बरेच जण पंचविसाच्या खाली चावी देत नाहीत. मुलाला मागे बसवा. मागची सीट माणसाला बसण्याजोगी आहे की नुसती पिशव्या ठेवायची, तेही कळेल.

प्रश्न : टेस्ट ड्राइव्ह मिळाली ती वीस मिनिटांची. अर्धा वेळ त्यांचाच माणूस चालवत होता. स्पोर्ट मोड लावू दिला नाही, ट्रॅक्शन कंट्रोलच्या (चाके जागेवर घसरू न देणाऱ्या यंत्रणेच्या) बटणाला हात लावू दिला नाही. मग बघायचे तरी काय? (रत्नागिरी)

उत्तर : ट्रॅक्शन कंट्रोल बंद करू दिले नाही याबद्दल त्या माणसाचे आभार माना. मोठ्या टर्बो इंजिनात पाय दाबल्यावर पूर्ण जोर यायला क्षणभर लागतो. सवय नसलेला माणूस त्या क्षणात पाय आणखी दाबतो आणि मग सगळा जोर एकदम मागच्या चाकांवर येतो. टायर थंड असतील, रस्त्यावर पांढरा पट्टा किंवा लाल मातीचा ओला थर असेल, तर गाडीची शेपूट फिरते. घाबरून पाय झटकन काढला की वजन पुढे येते, मागची पकड आणखी सुटते. गाडी चालकाला समजायच्या आत दुभाजकावर.

आणि वेग बघून कळणार काय? चार सेकंदांत शंभर गाठणारी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच चौपदरी महामार्गाची १०० ची मर्यादा गाठते. गाडी जोरात पळते हे माहितीपत्रकात लिहिलेलेच आहे. कागदावर न कळणारे तेवढे वीस मिनिटांत तपासायचे.

त्यांचा माणूस चालवतो तो वेळ वाया गेला असे समजू नका. शेजारी बसून खराब रस्त्यावर पाठीला काय जाणवते ते बघा. सस्पेन्शनची सगळ्यात मऊ सेटिंग लावायला सांगा, कारण महाड ते कणकवली तुम्ही तीच वापरणार आहात. खड्ड्यात एकच ‘ठक्’ आवाज आला तर ठीक. ठक् होऊन डॅशबोर्ड खडखडला तर टायरच्या बाजूच्या भिंतीची, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतच्या रबराची, उंची बघा. ती दोन बोटांएवढीच असेल तर खड्ड्यात टायर फुगणे आणि रिम वाकणे ठरलेले.

हातात आल्यावर आधी सीट, आरसे. मग ब्रेक : पहिले दोन-तीन दाब हळू. कार्बन-सिरॅमिक ब्रेक थंड असताना किंचित कमी पकडतात, कुरकुरतातही. तो बिघाड नाही. त्यानंतर मुद्दाम गर्दीत शिरा. ड्युअल क्लचची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) खरी परीक्षा रांगेत, पावलापावलाने सरकताना होते. चढावर ब्रेक सोडून गाडी रांगू द्या. धक्के बसत असतील, थरथरत असेल, तर गणपतीच्या दिवसांत घाटात अडकल्यावर क्लच तापण्याचा इशारा दिसणार हे धरून चाला. असा इशारा आला की गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरायची नाही. ब्रेक दाबून उभी करायची, पुढे दोन गाड्यांची जागा झाली की एकदम निघायचे.

गाडी वळवून बघा, उलटी घेऊन बघा. साठ आणि ऐंशीच्या वेगाला स्थिर धरून एक्झॉस्टची घूं-घूं कानात बसते का, ते एक मिनिट नुसते ऐका. पाच मिनिटे आवडणारा आवाज सावंतवाडीपर्यंत नको होतो. शेवटी, वाटेत मोकळा रस्ता लागला आणि सोबतचा माणूस हो म्हणाला, तर चाळीसवरून ऐंशीपर्यंत एकदाच मध्यम पाय. एवढ्यात जोर कळतो.

प्रश्न : जून ते सप्टेंबर टेस्ट ड्राइव्ह नाही म्हणतात. पावसाळ्यातच तर गाडी कशी वागते ते बघायला हवे ना? (कुडाळ)

उत्तर : बघायला हवे, पण यात शोरूमची भीती रास्त आहे. पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग काढायला नासाच्या वॉल्टर हॉर्न यांचे जुने सूत्र आहे : टायरमधल्या हवेच्या पीएसआयमधल्या दाबाच्या वर्गमुळाला ९ ने गुणले की वेग नॉटमध्ये मिळतो. ३६ पीएसआय दाब धरला तर ६ गुणिले ९ म्हणजे ५४ नॉट, ताशी साधारण १०० किलोमीटर. सूत्र विमानाच्या टायरवर बसवलेले आहे आणि खाचांपेक्षा पाणी खोल असेल तेव्हाचे आहे. रुंद टायरची गाडी याच्याही आधी तरंगते. रुंदी जास्त म्हणजे बाजूला सारायचे पाणी जास्त. त्यात काही गाड्यांवर ट्रॅकसाठीचे, कमी खाचांचे टायर येतात. सुक्यात ते रस्त्याला चिकटतात, आपल्या आषाढात मात्र नव्वदला सुद्धा स्टिअरिंग एकाएकी हलके पडते. तसे झाले तर ब्रेक नाही, वळवणे नाही. पाय हळू उचला, स्टिअरिंग सरळ धरा.

म्हणून पावसाळी टेस्ट ड्राइव्हचा हट्ट धरण्यापेक्षा टायरची बाजू वाचा आणि त्याच मापात पावसाला चांगला टायर मिळतो का, किती दिवसांत आणि केवढ्याला, हे विचारा. मागच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर संपला. कोकणात अशा गाडीला तो ३ वरच संपला असे समजा.

प्रश्न : डेमो गाडी घरापर्यंत आणून दाखवा म्हटले तर नकार. आमच्या दाराशी चढ आहे, वाटेत स्पीडब्रेकर आहेत, दापोलीला जायचे तर फेरीबोट. गाडी खाली घासली तर? (अलिबाग)

उत्तर : घासण्याच्या भीतीनेच ते आणत नाहीत. पण हे शोरूममध्ये टेपने मोजता येते, गाडी हलवायचीही गरज नाही. दोन मापे घ्या : पुढच्या बंपरच्या खालच्या ओठाची जमिनीपासून उंची, आणि पुढचा टायर जमिनीला टेकतो तिथपासून ओठापर्यंतचे आडवे अंतर. समजा ओठ १२ सेंटिमीटरवर आहे आणि अंतर ८० सेंटिमीटर. १२ भागिले ८० म्हणजे ०.१५. सपाट जागेवरून एकदम सुरू होणारा चढ दर मीटरला १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त उठत असेल तर ओठ टेकणार. गाडीला नाक उचलण्याची सोय असेल, पोर्शे ९११ मध्ये ती सुमारे ४० मिलिमीटर उचलते, तर हिशेब १६ भागिले ८० म्हणजे ०.२० वर जातो. आता घरी दाराशी फळी आणि लेव्हल लावून चढ मोजा. जांभ्याच्या चिऱ्यांचा उतार असेल तर सर्वांत वर आलेला चिरा धरा, सरासरी नको.

स्पीडब्रेकरचे गणित वेगळे आहे. इंडियन रोड काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. ९११ ची पुढची-मागची चाके २.४५ मीटर अंतरावर आहेत. म्हणजे दोन्ही चाके त्या उंचवट्यावरच असतात आणि पोटाखालची जागा साधारण साडेचार सेंटिमीटरनेच कमी होते. गाडी खुशाल जाते. त्रास होतो तो गावकऱ्यांनी घातलेल्या डांबराच्या वळकटीचा : अर्धा मीटर रुंद, पंधरा सेंटिमीटर उंच. पुढची चाके पलीकडे, मागची अलीकडे, आणि पंधराचे पंधरा सेंटिमीटर पोटाखाली. ती तिरकी घेतली तर नाक वाचते, पोट तरीही टेकू शकते. तुमच्या रोजच्या वाटेवर अशा किती आहेत ते मोजा. टेस्ट ड्राइव्हपेक्षा तो आकडा तुम्हाला जास्त सांगेल.

फेरीबोटीबद्दल : वेश्वी-बागमांडले, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी, कुठेही ओहोटीला रॅम्प जास्त तिरका होतो आणि जेटीवर टेकतो तिथे कोन पडतो. भरतीची वेळ बघून जा, नाक उचलून ठेवा आणि चढण्यापूर्वी एकाला खाली उतरवून बाजूने बघायला सांगा.

प्रश्न : लाँच कंट्रोल (उभी गाडी एकदम पूर्ण जोराने सोडण्याची सोय) एकदा तरी वापरून बघायचा आहे. डीलर नाही म्हणतो. महामार्गावर रात्री करू का? (पनवेल)

उत्तर : नाही. साध्या मोटार पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. मोबाइलवर वेळ मोजत काढलेला व्हिडिओ विमा कंपनीच्या हाती आयता पुरावा देतो. शिवाय सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला आणि ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर ट्रॅक आहेत. कंपन्या अधूनमधून गिऱ्हाइकांसाठी ट्रॅकवर दिवस ठेवतात. तिथे गाडी त्यांची, टायर त्यांचे, शेजारी प्रशिक्षक. शोरूममध्ये नाव नोंदवून ठेवा. सही करायच्या कागदात मोडतोडीचा खर्च कोणाचा, ते इथेही वाचा.

प्रश्न : तीच डेमो गाडी वर्षभराने सवलतीत देऊ करत आहेत. घ्यावी का? (गुहागर)

उत्तर : सवलत भरघोस असेल तर विचार करा, पण ती जुनी गाडी आहे हे धरूनच. कागदावर पहिला मालक डीलर, तुम्ही दुसरे. वॉरंटी नोंदणीच्या तारखेपासून सुरू झालेली असते, तुमच्या खरेदीपासून नाही. ती तारीख आधी विचारा.

मग संगणक जोडून इंजिनाच्या नोंदी काढायला लावा. पोर्शेमध्ये मर्यादेबाहेर इंजिन किती वेळा फिरले हे सहा टप्प्यांत नोंदलेले असते, इंजिन किती तास चालले तेही दिसते. खालचे टप्पे म्हणजे रेव्ह लिमिटरला (इंजिनाचे फेरे रोखणाऱ्या यंत्रणेला) टेकणे, त्याची फार काळजी नको. वरचे टप्पे भरलेले असतील तर कोणीतरी हाताच्या गिअरमध्ये चुकीचा खालचा गिअर टाकला आहे, सोडून द्या. तासांनी किलोमीटरला भागा : ३,००० किलोमीटर आणि १५० तास म्हणजे सरासरी ताशी २०. अशी गाडी शहराच्या गर्दीत रांगली आहे, क्लच नीट तपासा.

टायरवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. मागचे टायर गाडीपेक्षा नवे असतील तर पहिले का संपले ते विचारा. लोखंडी डिस्कवर रात्रीत धरलेला पातळ गंज दोन ब्रेकमध्ये जातो, पण कडेला खोल खड्डे पडले असतील तर डिस्क बदलायची. गुहागरच्या खाऱ्या हवेत हे लवकर होते. सिरॅमिक डिस्क गंजत नाही, पण झिजते. तिचे किमान वजन मधल्या भागावर कोरलेले असते, चाक काढून डिस्क वजनकाट्यावर ठेवायला सांगा. डिस्क बदलायचा खर्च कधी कधी दिलेल्या सवलतीएवढाच निघतो.