बीसीजीची लस, बाळाची प्रतिकारशक्ती आणि अठ्ठावीस दिवसांची प्रतीक्षा

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. आमची मुलगी अकरा दिवसांची आहे आणि बीसीजीची लस तिला २८ दिवस पूर्ण झाल्यावरच मिळेल, असे आम्हाला सांगण्यात आले आहे. सासूबाईंच्या मते ही लस पहिल्या एकदोन दिवसांतच टोचायला हवी होती. त्यातच, बीसीजीमुळे बाळाचे क्षयरोगाखेरीज इतर जंतुसंसर्गांपासूनही रक्षण होते, असे माझ्या वाचनात आले. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या नणंदेच्या मुलांना मात्र ही लस दिलेलीच नाही. या उशिरामुळे आमच्या मुलीचे काही नुकसान होत आहे का?

उत्तर: आपल्या सासूबाईंचे म्हणणे भारतातील वेळापत्रकाला धरून आहे, आपल्याला मिळालेली तारीख इंग्लंडच्या नियमाला धरून आहे आणि आपण जे वाचले त्यातही तथ्य आहे. तरीही आपल्या मुलीचे नुकसान होत आहे असे मला वाटत नाही. त्याची कारणे समजून घेण्यासाठी लसीचे मूळ काम आणि तिचा व्यापक परिणाम या दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतील.

मूळ काम आधी. काल्मेट आणि गेरां या दोन फ्रेंच संशोधकांनी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षे गुरांमधील क्षयाचा जंतू प्रयोगशाळेत पुन्हापुन्हा वाढवून दुबळा केला आणि १९२१ मध्ये पॅरिसमधील एका नवजात बाळाला ही लस प्रथम देण्यात आली. त्या दोघांची नावे आजही बीसीजी या नावात आहेत. लहान मुलांना होणारा क्षयाचा मेंदूज्वर आणि रक्तावाटे सर्व शरीरात पसरणारा क्षय, या दोन भयंकर प्रकारांपासून ही लस सुमारे तीन चतुर्थांश संरक्षण देते. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयाबाबत तिची कामगिरी फारच अनिश्चित आहे. १९६८ मध्ये तमिळनाडूतील चिंगलपेट येथे सुरू झालेल्या प्रचंड मोठ्या चाचणीत मोठ्यांना तिचा उपयोग दिसला नाही. म्हणजे ही लस मुख्यतः बालकांच्या जीवघेण्या क्षयासाठी आहे आणि ती घ्यायची की नाही हे त्याच हिशेबाने ठरवायला हवे.

आता आपल्या वाचनातील मुद्दा. बीसीजी घेतलेली बालके इतर कारणांनीही कमी दगावतात, ही शंका नवी नाही. स्वीडनच्या उत्तरेकडील नॉरबॉटन भागात १९२७ पासून ही लस देणारे डॉक्टर नेस्लुंड यांना लस घेतलेल्या बालकांमधील मृत्यू इतके कमी दिसले, की केवळ क्षय टळल्याने तेवढा फरक पडणे शक्य नव्हते. अर्थात, ज्या घरांतून लस घेतली जाते ती घरे मुळातच अधिक काळजी घेणारी असू शकतात, त्यामुळे अशा निरीक्षणावर विसंबता येत नाही. पुढे पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ येथे पीटर ओबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून चाचण्या घेतल्या. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या काही बाळांना बीसीजी लगेच दिली आणि इतरांना तेथील प्रथेप्रमाणे उशिरा. तीन चाचण्या एकत्र पाहता, लगेच लस मिळालेल्या बाळांमध्ये पहिल्या महिन्यातील मृत्यू एक तृतीयांशाहून अधिक कमी झाले. पहिल्या महिन्यात बाळे क्षयाने मरत नाहीत. टळले ते मुख्यतः रक्तातील जंतुसंसर्गाचे आणि श्वसनमार्गाच्या संसर्गाचे मृत्यू होते.

हे घडते कसे? आपल्या प्रतिकारयंत्रणेचा एक भाग विशिष्ट जंतू ओळखून त्याची आठवण ठेवतो, तर दुसरा, जन्मजात भाग कोणताही घुसखोर दिसताच धावून जातो. या दुसऱ्या भागाला आठवण नसते, अशी दीर्घकाळ समजूत होती. नेदरलँड्समधील नायमेखन येथे मिहाई नेटिया यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवून दिले, की बीसीजी घेतल्यावर मोनोसाइट या पांढऱ्या पेशींतील जनुकांच्या वेष्टनावर रासायनिक खुणा उमटतात आणि त्या पेशी पुढे पूर्णपणे वेगळ्या जंतूलाही अधिक जोमाने प्रतिसाद देतात. याला प्रशिक्षित प्रतिकारशक्ती असे म्हणतात. मोनोसाइट पेशी रक्तात काही दिवसच टिकतात, मग हा परिणाम महिनोन्महिने कसा टिकतो, असा प्रश्न साहजिकच पडतो. उंदरांवरील प्रयोगांतून त्याचे उत्तर अस्थिमज्जेत सापडले, कारण नव्या पेशी जिथून जन्म घेतात त्या मूळपेशींचीच घडण लसीमुळे बदललेली दिसली. याखेरीज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार बीसीजीनंतर काही दिवसांतच न्यूट्रोफिल या पेशींचे उत्पादन झपाट्याने वाढते. नवजात उंदीर त्यामुळे रक्तातील जंतुसंसर्गातून वाचले आणि नवजात बाळांच्या रक्तातही न्यूट्रोफिल वाढलेले आढळले. गिनी-बिसाऊमधील फायदा लसीनंतर इतक्या लवकर का दिसला, याचे मला पटणारे स्पष्टीकरण हेच आहे.

येथेच थांबलो असतो तर आपण आजच एखादे खासगी रुग्णालय शोधायला निघाला असतात. पण चित्राची दुसरी बाजूही तितकीच ठोस आहे. डेन्मार्कमध्ये सुमारे ४,२०० नवजात बाळांवर अशीच चाचणी झाली. जन्मतः बीसीजी मिळालेल्या आणि न मिळालेल्या बाळांमध्ये पंधरा महिन्यांच्या वयापर्यंत रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. मेलबर्नमधील १,२७२ बाळांच्या चाचणीत वर्षाअखेर इसब झालेल्यांचे प्रमाण बीसीजीच्या गटात ३२ टक्के आणि दुसऱ्या गटात ३७ टक्के होते. हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. भारतात दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांवर रशियन वाणाच्या (म्हणजे त्याच दुबळ्या जंतूच्या तिथे वेगळ्या वाढवलेल्या प्रकाराच्या) बीसीजीच्या दोन चाचण्या झाल्या, पण तिथेही मृत्यूंचे प्रमाण घटले नाही. गिनी-बिसाऊत डेन्मार्कचा वाण वापरला होता, म्हणून कारण वाणातील फरकातही असू शकते. दुसरीकडे, युगांडातील ५६० बाळांच्या चाचणीत जन्मतः लस मिळालेल्यांना पहिल्या सहा आठवड्यांत क्षयाखेरीज इतर संसर्गजन्य आजार कमी झाले. माझे वाचन असे, की जिथे संसर्गाने बाळे दगावण्याचा धोका मुळातच मोठा आहे, तिथे या वाढीव सज्जतेचा उपयोग होतो. जिथे तो धोका थोडा आहे, तिथे तीच सज्जता रक्ताच्या तपासणीत दिसली तरी बाळाच्या आयुष्यात फारशी जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही २०१४ मध्ये हा फायदा संभवतो असे मान्य केले, पण त्यासाठी धोरण बदलण्याइतका पुरावा नाही असेच ठरवले.

आपल्यासारख्या वाचकांना रंजक वाटेल असा एक धागा मात्र सांगतो. डेन्मार्कच्याच चाचणीत, ज्या बाळांच्या आईने स्वतः बीसीजी घेतलेली होती, त्या बाळांना लस दिल्यावर संसर्गामुळे रुग्णालयात जाण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसले. भारतात जन्मलेल्या बहुतेक तरुण आयांच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो. पण हा निष्कर्ष चाचणीच्या एका उपगटावरचा आहे, आणि उपगट कधीकधी फसवतात. त्याच्या आधारावर कोणी घाई करू नये.

मग इंग्लंडमध्ये २८ दिवस थांबायचे कशासाठी? बीसीजी ही जिवंत जंतूंची लस आहे. काही थोडी बाळे प्रतिकारयंत्रणेच्या तीव्र जन्मजात अभावासह जन्मतात आणि त्यांच्या शरीरात हाच दुबळा जंतू सर्वत्र पसरून प्राणघातक ठरू शकतो. त्या आजाराची नवजात तपासणी सुरू करताना, अहवाल हाती यावा म्हणून सप्टेंबर २०२१ पासून तिथे लसीची वेळ २८ दिवसांवर नेण्यात आली. ज्या व्यापक प्रतिकारशक्तीची आपल्याला ओढ वाटते, तिच्याच दृष्टीने हे थांबणे शहाणपणाचे आहे, कारण प्रतिकारयंत्रणा धड आहे हे कळल्याशिवाय तिला चेतवण्यात अर्थ नाही. भारतात हिशेब वेगळा आहे, कारण तिथे क्षयाचा संसर्ग लवकर होण्याची शक्यता मोठी आहे आणि जन्मानंतर घरी गेलेले बाळ लसीसाठी परत येईलच याची खात्री नसते.

आपल्या मुलीने ही लस अवश्य घ्यावी. इंग्लंडमध्ये ज्या बाळाचे आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणीही दरवर्षी लाखामागे ४० किंवा अधिक क्षयरुग्ण आढळणाऱ्या देशात जन्मले असतील, त्या बाळाला ती दिली जाते आणि भारत या मर्यादेच्या बराच वर आहे. आजी-आजोबांचे दीर्घ मुक्काम आणि मुलीच्या भारतातील सुट्ट्या हीच त्यामागची खरी कारणे आहेत. अमेरिकेत क्षय कमी असल्याने ही लस सरसकट दिली जात नाही, तेव्हा आपल्या नणंदेने काही हलगर्जीपणा केला असे मुळीच नाही. ऑस्ट्रेलियात मात्र पाच वर्षांखालील मूल क्षयाचे प्रमाण जास्त असलेल्या देशात बराच काळ राहायला जाणार असेल तर लस सुचवली जाते आणि ती शक्यतो प्रवासाच्या तीन महिने आधी घ्यावी असे सांगतात. म्हणून तिथल्या वाचकांनी तिकिटे काढतानाच डॉक्टरांना विचारलेले बरे.

एक गोष्ट लसीपूर्वी न विचारताही सांगा. गरोदरपणी आपण संधिवात किंवा आतड्यांच्या आजारासाठी इन्फ्लिक्सिमॅबसारखे जैविक औषध घेतले असेल, तर ते वारेतून बाळात जाते आणि काही महिने टिकते. अशा बाळाला बीसीजी दिल्यावर ती शरीरभर पसरून मृत्यू झाल्याची नोंद आहे, त्यामुळे लस पुढे ढकलावी लागते. घराण्यात एखादे बाळ तान्हेपणी वारंवार संसर्ग होऊन दगावले असेल, तर तेही सांगितले पाहिजे. अशा गोष्टी आपल्या घरांतून पुष्कळदा दडवल्या जातात, म्हणून सासूबाईंना मुद्दाम विचारा.

लस टोचल्यावर दोन ते सहा आठवड्यांत तिथे पुळी येईल, ती फुटेल, कदाचित थोडा पू येईल आणि काही महिन्यांत व्रण उरेल. तिथे हळद, मलम, घट्ट पट्टी असे काही लावू नका. जागा स्वच्छ आणि मोकळी असू द्या. काखेत लहानशी गाठ येऊ शकते. ती वाढत गेली किंवा मऊ पडून पू धरू लागली तर डॉक्टरांना दाखवा. त्या दंडावर पुढचे तीन महिने दुसरी कोणतीही लस टोचू देऊ नका, बाकीच्या लसी मात्र ठरल्या वेळी होऊ द्या. व्रण उमटला नाही म्हणून पुन्हा बीसीजी देण्याची गरज नाही. लसीची तारीख नोंदवहीत लिहून घ्या, कारण पुढे कधी अमेरिकेत गेलात आणि तिथे क्षयासाठी त्वचेची चाचणी झाली, तर या लसीमुळे ती खोटी सकारात्मक येऊ शकते. त्या वेळी नोंद दाखवून रक्ताच्या चाचणीची मागणी करा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.