पावसाळ्यानंतर बाइकच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल गळतंय, नीडल बदलू का?

तुमची 100 सीसीची जुनी बाइक डिचोलीला पडवीत पावसाळाभर उभी होती, चवथीनंतर बाहेर काढल्यापासून रोज सकाळी खाली पेट्रोलचा डाग दिसतो आणि मेकॅनिक म्हणतो नीडल (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई) गेली. गेली असेलही. पण पेट्रोल नेमकं कुठून येतंय ते बघितल्याशिवाय पार्ट आणू नका.

आधी गाडी अंगणात घ्या. पडवीत समई किंवा उदबत्ती पेटलेली असते. कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) बंद करून कार्बोरेटर कोरडा पुसा, जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन बंद. आता कॉक चालू करून 10 मिनिटं थांबा. गळती जिथून सुरू होते तिथली पावडर आधी भिजते. वरच्या पाइपच्या टोकाला ओल आली तर पाइप कडक झालाय, नवा घाला. बाऊलच्या (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) जोडावर आली तर ओ-रिंग (जोडातलं गोल रबर) बघा, पण बाऊलमधली पेट्रोलची लेव्हल चढल्यामुळेही तिथून पाझरतं.

खालच्या नळीतून थेंब पडत असतील तर लेव्हल तपासा. त्या नळीच्या जागी पारदर्शक पाइप लावा, बाऊलशेजारी वर वळवून उभा धरा आणि ड्रेन स्क्रू (बाऊल रिकामा करायचा) सैल करा. पेट्रोल बाऊलच्या जोडाच्या थोडं खाली थांबायला हवं. जोडाच्या वर चढत राहिलं तर दोष नीडल, सीट (नीडल जिथे बसते ती जागा) किंवा फ्लोटचा (पेट्रोलवर तरंगून नीडल मिटवतो तो). बरोबर जागी थांबलं, तर नीडल निर्दोष आहे: एकतर ड्रेन स्क्रू नीट बसत नाही, नाहीतर बाऊलमधल्या उभ्या पितळी नळीला (जादा पेट्रोल खाली सोडणारी) चीर गेलीय. बाऊल काढून हातात धरा, नळीच्या तोंडाच्या जरा खालपर्यंत पेट्रोल भरा. स्क्रू घट्ट असूनही खालून टपकलं, तर चीरच. ही चीर डोळ्यांना सहसा दिसत नाही, म्हणून लोक दोन-दोन नीडल बदलत बसतात.

नीडलचा संशय उरला तर तिच्या टोकावरून नख फिरवा. गोल खाच लागली की ती बाद. फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर भोक आहे. सीट कापसाच्या काडीने पुसा, पॉलिश पेपर लावू नका. जोडल्यावर कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या तोंडाला स्वच्छ पाइप लावून फुंका: हवा अडली पाहिजे, सुलटा केला की जायला पाहिजे. कॉम्प्रेसरची हवा इथे नको.

आपल्याकडच्या दमट हवेत अर्धी टाकी भरून गाडी चार महिने ठेवली की आतून गंज धरतो, त्यात इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढून घेतं. गंजाचा एक कण सीटवर बसला तरी नीडल मिटत नाही. त्यामुळे टाकी आणि कॉकची जाळी साफ करून नवा फिल्टर घातल्याशिवाय नवी नीडल घालण्यात अर्थ नाही, आठवड्यात परत तेच. कॉक बंद असूनही गळती चालूच राहिली तर कॉकचं रबरही गेलंय. बाऊलमधलं उरलेलं पेट्रोल तेवढं निथळू द्या, मग ठरवा.

खालच्या नळीच्या, म्हणजे ओव्हरफ्लो नळीच्या, टोकात कुंभारीण माशीने माती भरली नाही ना, तेही बघा. वाट बुजली की पेट्रोल इंजिनात उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर किक मारू नका. आधी ऑइल बदला.