जुन्या स्टीलच्या सिंकचं बागेत छोटं तळं करता येईल, की त्यात झाडंच लावावीत?

तळं करता येतं, पण तुमचं सिंक स्टीलचं आणि जेमतेम २० सेंटिमीटर खोल आहे, तेव्हा मासे सोडायचा विचार असेल तर तो कृपया सोडून द्या. ६० बाय ४५ सेंटिमीटरचं सिंक काठोकाठ भरलं तरी त्यात ५४ लिटरच पाणी मावतं. एवढंसं पाणी आणि भोवती पातळ पत्रा, त्यामुळे उन्हात ते भराभर तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. माशांचे हाल होतात. बरं, मासे नसतील तर साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होणार. उबदार हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

म्हणून मी सुचवेन की त्यात दलदल करा. भोक बंद करायचं, माती भरायची आणि ती कायम चिंब ठेवायची, पण मातीवर पाणी साचू द्यायचं नाही. ब्राह्मी आणि वेखंड या मुळातच पाणथळ जागेतल्या वनस्पती. इतर झाडांची मुळं जिथे कुजतील तिथे या खुशाल वाढतात. वेखंडाची उंच, तलवारीसारखी पानं मधोमध उभी राहतात. ब्राह्मी कडेवरून खाली लोंबते, बारीक पांढरट-जांभळी फुलं धरते आणि हळूहळू पत्रा झाकून टाकते. मला तरी ही जोडी कुठल्याही छोट्या तळ्याहून देखणी वाटते.

खरं काम भोकाचं. नुसतं रबरी बूच पुढे झिरपू लागतं, म्हणून त्याच्याभोवती सिलिकॉन सीलंट भरा. तिथला तेलकटपणा आधी साबणाने घालवा, पत्रा पूर्ण कोरडा करा आणि सीलंट पक्कं वाळल्याशिवाय पाणी घालू नका. काठाखाली ओव्हरफ्लोचं भोक असेल तर ते मात्र बुजवायचं नाही. आतून बारीक जाळी लावा आणि माती त्या भोकाच्या बोटभर वर येईल इतकी भरा. मग कितीही पाऊस पडला तरी जास्तीचं पाणी तिथून निघून जातं आणि पातळी मातीच्या खालीच राहते. असं भोक नसेल तर काठापासून चार-पाच सेंटिमीटर खाली एक पाडून घ्या.

माती बागेतली, जराशी चिकणच घ्या. शेणखत अगदी थोडं घाला, कारण हवा न मिळणाऱ्या ओल्या मातीत ते सडतं आणि घाण वास सुटतो.

पालक, पुदिना असलं काही लावायचं असेल तर उलट करा: भोक उघडं ठेवून त्यावर फक्त जाळी टाका. तळाला खडीचा थर देऊ नका. बारीक मातीतलं पाणी खडीत सहजी उतरत नाही, ते थराच्या वरच अडून राहतं, आणि इथे मुळांना आधीच खोली कमी आहे.

दोन्हींपैकी काहीही केलंत तरी सिंक आधी कायमच्या जागी ठेवा आणि मगच भरा. ओली माती भरलेलं सिंक पाऊणशे किलोंच्या वर जातं. शक्य असेल तर ते काठापर्यंत जमिनीत पुरा, म्हणजे पत्रा उन्हाने तापणार नाही. फक्त दलदल करणार असाल तर ओव्हरफ्लोचं भोक जमिनीच्या वर राहू द्या.